शितावरून भाताची परीक्षा

दर वर्षी मे महिन्याची ८ तारीख जवळ आली, की वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एका विशिष्ट प्रकारच्या प्रसिद्धिपत्रकांची आवक वाढते. तो दिवस जगभर थॅलेसेमिया दिन म्हणून पाळला जातो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शेजारी नगरांत या रोगाचे नाव पुष्कळ घरांना परिचयाचे असल्यामुळे येथे रक्ततपासणीची शिबिरे भरतात, व्याख्याने होतात, आणि त्यांचे वृत्तांत आमच्यापर्यंत येतात. त्यांत आकडे असतात. इतक्या जणांचे रक्त तपासले, त्यांपैकी शेकडा इतके वाहक निघाले, असे त्यांचे स्वरूप असते. एका पत्रकातील टक्केवारी दुसऱ्यातील टक्केवारीशी जुळत नाही. कधी ती दुप्पट असते, कधी निम्मी. वाचक विचारतात, यांतील खरी कोणती मानावी? आमचे उत्तर पुष्कळांना रुचणार नाही. परंतु ते देणे प्राप्त आहे. यांपैकी कोणतीही टक्केवारी या तीन नगरांची म्हणून स्वीकारता येणार नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, ही आपल्या स्वयंपाकघरातील जुनी शिकवण आहे, आणि ती खोटी नाही. तथापि तिच्यात एक न बोललेली अट आहे. पातेले नीट ढवळलेले असले पाहिजे. वरचे शीत कच्चे आणि बुडाचे करपलेले असताना मधले एक शीत दाबून साऱ्या भाताविषयी निकाल देणारी सुगरण घरच्या माणसांना उपाशी तरी ठेवील किंवा त्यांचे पोट तरी बिघडवील. संख्याशास्त्र या नावाने जे प्रौढ शास्त्र आज वैद्यकाच्या प्रत्येक दालनात वावरते, त्याचा निम्मा पाया या एका अटीत आहे. ही अट पाळली न जाण्याचा परिणाम आमच्या शेजारच्या घरांत, पाळण्यातल्या मुलांवर होत असल्यामुळे हा विषय आज या स्थळी घेणे आम्हांस अवश्य वाटले.

प्रथम रोगाविषयी. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचे बालरोगतज्ज्ञ टॉमस कूली व त्यांचे सहकारी यांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले. रक्ताला तांबडेपणा देणारे जे हिमोग्लोबिन, त्याचा एक घटक बनविण्याची सूचना मुलाला आईकडून एक व बापाकडून एक अशी मिळते. दोहोंपैकी एक सूचना सदोष असली, तर ते मूल वाहक होते. त्यालाच लोक थॅलेसेमिया मायनर म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. तो शिकतो, नोकरी करतो, संसार करतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला जन्मभर कळतही नाही. दोन्ही सूचना सदोष असल्या, तर मात्र थॅलेसेमिया मेजर होतो. असे मूल जन्मतः धडधाकट दिसते. काही महिन्यांतच ते फिकट पडू लागते, आणि त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. या रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी निराळी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. मज्जारोपणाचा उपाय आहे. पण जुळणारा दाता आणि लागणारा पैसा या दोन्ही गोष्टी थोड्यांच्याच नशिबी असतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात या रोगाचा समावेश झाला, यावरून त्याच्या ओझ्याची कल्पना यावी.

आता आमच्या नगरांविषयी. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सिंधी समाजात या विकाराच्या वाहकांचे प्रमाण सर्वसाधारण भारतीय प्रमाणाहून अधिक आहे, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. त्याच वर्षी, म्हणजे १९४९ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका लेखात जे. बी. एस. हॉल्डेन यांनी या वैशिष्ट्याच्या मुळाशी असणारे एक अनुमान मांडले होते. ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या हिवतापाचे थैमान होते, तेथे वाहकांना त्या तापापासून काही संरक्षण मिळत असावे, आणि म्हणून हा दोष तेथे टिकून राहिला असावा, असे ते अनुमान होते. पुढील संशोधनाने त्याला पुष्कळ बळकटी आली. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अनुमानाचा बोध असा की, या रक्तदोषात लाज बाळगण्यासारखे काही नाही. पूर्वजांना ज्याने तापातून वाचविले, त्याची किंमत वंशज मोजीत आहेत, इतकेच.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. 'हा सिंध्यांचा रोग' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते चूक आहे आणि घातकही आहे. पंजाबी, लोहाणा, बंगाली अशा अनेक समाजांत, तसेच आपल्या किनारपट्टीवरील कोळी व सारस्वत समाजांतही वाहक आढळतात. बदलापुरात गेल्या दोन-तीन दशकांत मुंबईहून येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांना 'आपल्यात हे नसते' असा भरवसा आहे, त्यांचा तो भरवसा तपासणीवर नव्हे, ऐकीव गोष्टीवर उभा आहे.

मग या नगरांत वाहक किती? येथेच पातेले ढवळण्याचा प्रश्न उभा राहतो. शिबिरात कोण येतो याचा विचार करावा. ज्याच्या भावाचे मूल आजारी आहे, तो येतो. ज्याच्या मनात शंका आहे, तो येतो. आयोजक ज्या वस्तीतील असतील, त्या वस्तीचे लोक येतात. गेल्या वर्षी तपासून गेलेलाही कधी कधी पुन्हा येतो आणि पुन्हा मोजला जातो. उलट, घरात लग्नाची मुलगी आहे आणि निकालाची भीती आहे, तो येत नाही. कारखान्यात पाळी असलेला कामगार येत नाही. अशा मंडपात निघालेली टक्केवारी मंडपात आलेल्यांची असते, नगराची नव्हे. ती खऱ्या प्रमाणाहून अधिक आहे की कमी, हेदेखील तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. शिबिरे भरवू नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्यांचे रक्त तेथे तपासले गेले, त्यांना लाभच झाला. आमचे म्हणणे इतकेच, की शिबिर हे सेवेचे साधन आहे, गणनेचे नव्हे.

गणना कशी करावी याची उदाहरणे आमच्या जवळच आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निशी मदान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व दिल्ली येथील सुमारे ११ हजार शाळकरी मुलांचे रक्त तपासले. शाळेत सर्व थरांतील मुले येतात, आणि ती आजाराच्या शंकेने आलेली नसतात. मुंबईत वाहकांचे प्रमाण शेकडा २.७ आणि दिल्लीत ५.५ आढळले. मुंबईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेच्या रोशन कोलाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी महाराष्ट्र व गुजरात यांतील १८ हजारांहून अधिक व्यक्तींच्या तपासणीचे निष्कर्ष जिल्हावार मांडले. महाराष्ट्रात हे प्रमाण जिल्ह्याजिल्ह्याला शेकडा १ ते ६ असे, तर गुजरातेत ० ते ९.५ असे बदलत गेलेले दिसले. एका राज्याच्या पोटात एवढी तफावत असेल, तर एका जिल्ह्याच्या पोटात ती नसेल असे कोण म्हणेल? ठाणे जिल्ह्याच्या सरासरीवरून उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पाचे किंवा बदलापूरच्या एखाद्या पाड्याचे अनुमान करणे म्हणूनच धाडसाचे आहे.

सरासरीचा हा मोह किती फसवा असतो, हे थोड्या अंकगणिताने दाखविता येईल. वाचकांनी कंटाळू नये अशी विनंती आहे. भारतात वाहकांचे प्रमाण सरासरी शेकडा ३ ते ४ आणि दर वर्षी जन्मणारी रोगग्रस्त मुले सुमारे १० ते १५ हजार, असे सांगितले जाते. ही मुले कोणी एकेक करून मोजलेली नाहीत. हा हिशेबाने काढलेला अंदाज आहे. शेकडा ४ वाहक धरले, तर पती व पत्नी दोघेही वाहक असण्याची शक्यता दहा हजारांत १६, आणि त्यांचे मूल रोगग्रस्त होण्याची शक्यता चारात एक, म्हणून दहा हजार जन्मांमागे ४ मुले. अडीच कोटी जन्मांना याने गुणले की दहा हजार येतात. हिशेब शुद्ध आहे. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. देशातील कोणीही कोणाशीही लग्न करतो, असे ते गृहीत. आपल्याकडील लग्ने अशी होत नाहीत, हे सांगण्यासाठी शास्त्रज्ञांची गरज नाही. समजा, सारख्याच लोकसंख्येचे दोन समाज आहेत, एकात वाहक शेकडा १ व दुसऱ्यात शेकडा ७. सरासरी ४ च. पण लग्ने आपापल्या समाजातच झाली, तर पहिल्यात दहा हजार जन्मांमागे पाव मूल आणि दुसऱ्यात सव्वाबारा मुले, म्हणजे दोहोंत मिळून सरासरी सव्वासहा. सरासरीने ४ सांगितले, वस्तुस्थितीत सव्वासहा निघाले. आणि त्यांतील जवळजवळ सर्व ओझे एकाच समाजाच्या घरांवर पडले. आकड्याने खोटे सांगितले नाही. त्याने केवळ ज्यांच्यावर आघात होतो त्यांना ज्यांच्यावर होत नाही त्यांच्यात मिसळून टाकले.

इथवर मोजदादीविषयी झाले. आता मापाविषयी. रक्ताच्या कागदावर छापून आलेली संख्या म्हणजे वेदवाक्य अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रत्येक मापाच्या मागे एक साधन आणि प्रत्येक साधनाच्या मागे एक मर्यादा असते. थॅलेसेमियाची प्राथमिक चाळणी करण्याची एक अत्यंत स्वस्त रीत आहे. सौम्य मिठाच्या पाण्यात रक्ताचे काही थेंब टाकून परीक्षानळी एका कागदासमोर धरतात. कागदावर काळी रेघ ओढलेली असते. निरोगी रक्ताच्या पेशी त्या पाण्यात फुटतात, पाणी पारदर्शक होते आणि रेघ दिसते. वाहकाच्या पेशी सहजी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहते आणि रेघ दिसेनाशी होते. गरीब देशाला शोभणारी ही युक्ती आहे. परंतु केवळ लोहाच्या कमतरतेनेही रेघ पुसट होऊ शकते. आणि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रेघ न दिसणे म्हणजे निदान नव्हे. पुढील तपासणीची ती सूचना आहे.

ती पुढील तपासणी म्हणजे यंत्राने हिमोग्लोबिन ए-टू या अंशाचे प्रमाण मोजणे. सर्वसाधारण माणसात ते सुमारे साडेतीन टक्क्यांच्या आत असते, वाहकात बहुधा चारच्या वर जाते. पण साडेतीन आणि चार यांच्या दरम्यान एक धूसर पट्टा आहे. लोहाची तीव्र कमतरता असेल, तर वाहकाचाही आकडा खाली येऊन तो या पट्ट्यात किंवा त्याच्याही खाली लपू शकतो. अशा वेळी कागदावर 'नॉर्मल' असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का घेऊन माणूस निर्धास्तपणे बोहल्यावर उभा राहतो. उलट बाजूने, वाहक असलेल्या किती तरी स्त्रिया केवळ हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे गिळीत राहतात आणि रक्त का वाढत नाही याचे नवल करीत राहतात. दोन्ही चुका एकाच कारणाने होतात. एक आकडा पाहिला, त्याच्या शेजारचा पाहिला नाही.

याहून सूक्ष्म अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सुशिक्षितांच्याही सहसा ध्यानात येत नाही. एकच कसोटी दोन वस्त्यांत दोन निराळे अर्थ सांगते. उदाहरणादाखल अशी चाळणी कल्पू या, की जी शंभर वाहकांपैकी ९५ पकडते आणि शंभर निर्दोष माणसांपैकी १० जणांवर चुकीचा संशय घेते. ज्या वस्तीत हजारांत १०० वाहक आहेत, तेथे ती ९५ खरे आणि ९० खोटे संशयित देईल. म्हणजे संशयितांपैकी निम्म्याहून थोडे अधिक खरे वाहक. ज्या वस्तीत हजारांत २० च वाहक आहेत, तेथे तीच चाळणी १९ खरे आणि ९८ खोटे देईल. म्हणजे सहांत एक खरा. कसोटी बदलली नाही, नळी बदलली नाही, तपासणारा बदलला नाही; तरी निकालाचे वजन बदलले. म्हणूनच, आपल्या नगरात मूळ प्रमाण किती आहे हे ठाऊक नसेल, तर डॉक्टरालाही निकालाचा अर्थ रुग्णास नीट सांगता येणार नाही. लोकसंख्येची मोजदाद आणि एका माणसाचे निदान या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

आणि आता 'चारांत एक' या दोन शब्दांकडे वळू. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याला हे प्रमाण सांगितले जाते. ते ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन त्याचा भलताच अर्थ लावतात. पहिले मूल रोगी निघाले, म्हणजे वाईट वाटा संपला, पुढची तिघे सुखरूप, अशी समजूत करून घेणारी कुटुंबे आहेत. एके काळी शाळेत शिकवीत असताना आम्ही मुलांना वाडग्यात चार चिठ्ठ्या टाकून एक उचलावयास सांगत असू. आणि उचललेली चिठ्ठी पुन्हा वाडग्यात टाकावी लागते, हे समजावून देण्यास आम्हांस सर्वांत अधिक वेळ लागे. निसर्ग प्रत्येक खेपेस चिठ्ठी परत वाडग्यात टाकतो. त्याला मागच्या खेपेची आठवण नसते. अशा दांपत्याची दोन्ही मुले रोगमुक्त असण्याची शक्यता सोळांत नऊ आहे. म्हणजे दोहोंपैकी निदान एक रोगी असण्याची शक्यता शेकडा ४४ च्या आसपास आहे. चार मुले झाली, तरी चारही रोगमुक्त राहण्याची शक्यता एकतृतीयांशाहून कमीच. हे गणित सातवी-आठवीच्या मुलाला समजण्यासारखे आहे. ते न समजल्यामुळे एखाद्या घरात दुसरे आजारी मूल जन्माला येत असेल, तर तो दोष त्या आईबापांचा नव्हे. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, स्वस्थपणे अर्धा तास बोलण्यास ज्यांनी कोणाला नेमले नाही, त्यांचा तो दोष आहे.

यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो आजमावलेला आहे. सायप्रस या लहानशा बेटावर सातांत एक माणूस वाहक आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात तपासणीचा कार्यक्रम पद्धतशीर सुरू झाला. १९८३ पासून तेथील चर्चने लग्नापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला. दाखला तपासणीचा होता, लग्नबंदीचा नव्हे. दोघेही वाहक असले, तरी निर्णय त्यांच्याच हाती राहिला. रोगग्रस्त मुलांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले. याच्या उलट उदाहरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गावात सिकल सेल या दुसऱ्या रक्तविकाराची तपासणी झाली. लोकांना निकाल कळले, पण वाहक असणे हा कलंक मानला गेला. लग्ने जमविताना तो लपविला गेला, आणि तपासणीचा अपेक्षित लाभ झाला नाही. मोजणे सोपे आहे. मोजलेले माणसाच्या उपयोगी पडावे यासाठी समाजाचे मन तयार करावे लागते. जेथे लग्ने अजून बहुतांशी घरातील वडीलधारी माणसे जमवितात, त्या आपल्या समाजाने हा दुसरा धडा पहिल्याहून अधिक काळजीने गिरविला पाहिजे. निकालाचा कागद ज्याचा त्याच्याच हाती पडावा. तो पंचायतीच्या किंवा वधूवर-सूचक मंडळाच्या फायलीत जाऊ नये.

आमच्या तीन नगरांची अडचण आणखी एक आहे. उल्हासनगरला महानगरपालिका, तर अंबरनाथ व बदलापूर येथे नगरपरिषदा. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकवस्ती अनुक्रमे ५ लाख ६ हजार, २ लाख ५३ हजार आणि १ लाख ७४ हजार होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही; त्यामुळे पुढची सारी वर्षे प्रत्येक टक्केवारीचा छेद जुनाच राहिला, आणि त्याच अवधीत बदलापूर तर ओळखू येऊ नये इतके वाढले. शिवाय माणसे हद्दी पाळीत नाहीत. बदलापूरची सून बाळंतपणासाठी माहेरी जाते. अंबरनाथचे आजारी मूल उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा लोकलने मुंबईस नेले जाते. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते, रक्त जेथे मिळाले तेथे लिहिले जाते, आणि कुटुंब मात्र तिसऱ्याच गावी राहते. अपूर्णांकाचा अंश एका दप्तरात आणि छेद दुसऱ्या दप्तरात, अशी ही स्थिती आहे. अशा अपूर्णांकावरून अंदाजपत्रकात तरतूद कशी करावी, रक्तपेढीने साठा किती ठेवावा, हे कोणता अधिकारी सांगू शकेल?

म्हणून आमच्या सूचना मोजक्या आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली हिमोग्लोबिनच्या विकारांविषयी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत गर्भवतींची तपासणी लवकर करण्यावर भर आहे. त्या सूत्रांची अंमलबजावणी या तीन नगरांत, सरकारी व खाजगी अशा प्रत्येक प्रसूतिगृहात, जातपात व भाषा न विचारता पहिल्याच भेटीत व्हावी. पत्नी वाहक निघाली, तर त्याच आठवड्यात पतीचे रक्त तपासावे. निकालाचा भार एकट्या सुनेच्या माथी मारण्याची आपली जुनी खोड येथे तरी आवरावी. दोघेही वाहक असल्यास गर्भाची तपासणी गर्भारपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते आणि पुढचा निर्णय आईबापांना कायद्याच्या चौकटीत घेता येतो. पण चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिली भेट झाली, तर तो अवसर जवळजवळ निसटतो. मोजमापाला वेळेचे बंधन असते, ते हे असे.

दुसरे, तिन्ही स्थानिक संस्थांनी एकच नमुना-तक्ता वापरावा. किती जणांना तपासणीस बोलावले, किती आले, किती आले नाहीत, किती प्रथमच आले, राहण्याचे ठिकाण कोणते, आणि धूसर पट्ट्यात किती राहिले, एवढे रकाने त्यात असावेत. न आलेल्यांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नावे गुप्त ठेवून हे आकडे वर्षातून एकदा प्रसिद्ध करावेत. तिसरे, काही नमुने मुद्दाम दोन प्रयोगशाळांत पाठवून त्यांचे निकाल ताडून पाहावेत. सोनारही आपला काटा पडताळून घेतो. जेथे मुलाचा जन्म तोलला जातो, तेथे तर ते अधिकच अगत्याचे. चौथे, मराठी, सिंधी व हिंदी बोलणारे समुपदेशक नेमावेत, आणि 'चारांत एक' याचा अर्थ शाळा-महाविद्यालयांतूनच शिकविला जावा.

यावर खर्चाची सबब सांगितली जाईल. दर दोन-चार आठवड्यांनी एक बाटली रक्त, आणि तेही एका मुलाला जन्मभर, या हिशेबाशी एका चाळणीचा खर्च ताडून पाहावा, म्हणजे सबब टिकणार नाही. दुसरा आक्षेप असा येईल, की अशा मोजदादीने एका समाजावर बोट ठेवले जाईल. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु त्याचे उत्तर न मोजणे हे नव्हे. अर्धवट मोजणीनेच बोट ठेवले जाते. सर्वांना सारखेच तपासल्याने ते बोट आपोआप खाली येते. आज मंडपातील टक्केवारी वाचून जो मनुष्य एका वस्तीला नाव ठेवतो, त्याला उद्या आपल्याच घरातील निकाल वाचावा लागला, तर त्याची भाषा सौम्य होईल, असा आमचा विश्वास आहे.

आकड्यांवर अविश्वास दाखवावा, हा या लेखाचा हेतू नाही. आकडा कसा आला हे विचारण्याची सवय लागावी, हा आहे. पुढच्या मे महिन्यात पत्रके येतील आणि आम्ही ती छापू. पण प्रत्येक टक्केवारीच्या शेजारी 'किती जणांपैकी, आणि ते कोण' हे दोन प्रश्न विचारून, उत्तरासह छापू. उत्तर मिळाले नाही, तर टक्केवारी छापणार नाही. वाचकांनी आम्हांस या वचनाला बांधावे, आणि हेच दोन प्रश्न नगरपालिकांच्या दारातही विचारावेत. भात शिजला आहे की नाही हे ठरवावयाचे असेल, तर प्रथम पातेल्यात डाव घालून तो तळापर्यंत फिरवावा लागेल. आणि तो डाव अद्याप कोणी हाती घेतलेला नाही.